साचा एक, पृष्ठे अनेक

महसुली दप्तराशी परिचय असलेल्यांना ‘नमुना’ या शब्दाचे महत्त्व सांगावयास नको. गाव नमुना ७ मध्ये अधिकार अभिलेख व गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. गावागणिक खातेदार व पिके बदलतात. रकाने मात्र ठरलेले राहतात. म्हणूनच एका जिल्ह्यातील सातबारा दुसऱ्या जिल्ह्यातील अधिकाऱ्यासही विनासायास वाचता येतो.

संकेतस्थळांची उभारणीही याच तत्त्वावर होते. पृष्ठाची मांडणी साच्यात एकदाच निश्चित करून मजकूर निराळा साठविला जातो. वाचकाने पृष्ठ मागितले की संगणक दोहोंचा मेळ घालतो.

२००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे याचे बोलके उदाहरण होय. तेथे साच्यांसाठी ‘साचा’ याच नावाचा स्वतंत्र विभाग आहे. लेखात दुहेरी महिरपी कंसांत साच्याचे नाव लिहून गाव, तालुका, लोकसंख्या आदी तपशील पुरविला की माहितीची चौकट आपोआप तयार होते. मूळ साच्यातील दुरुस्ती तो वापरणाऱ्या सर्व लेखांत यथावकाश उमटते. प्रत्येक लेख स्वतंत्रपणे दुरुस्त करावा लागत नाही.

सोय जेवढी मोठी, तेवढीच जोखीमही. साच्यातील एक चूक शेकडो पृष्ठांवर पसरू शकते. ग्रामपंचायतींच्या सामाईक साच्यातून अर्जाच्या अंतिम तारखेचा रकाना गळाला, तर सर्वच गावांतील अर्जदार त्या माहितीस मुकतील. याकरिता विकिपीडियावर व्यापक वापराच्या साच्यांत बदल करण्याचे अधिकार मर्यादित ठेवता येतात, नवा बदल ‘धूळपाटी’वर आधी पडताळून पाहता येतो आणि प्रत्येक बदलाचा इतिहास जतन होत असल्याने पूर्वरूप परत आणता येते.

संस्थेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनीही हीच शिस्त अंगीकारणे हिताचे ठरेल. साच्याला त्याचा उपयोग सांगणारे नाव द्यावे. विषयवार वर्गीकरण करून सोबत वापरसूचना जोडावी. सर्वत्र लागणारा शीर्षभाग किंवा तळटीप यांचे छोटे साचे करून ते मोठ्या साच्यांत वापरावेत. जुना साचा काढण्यापूर्वी तो कोणकोणत्या पृष्ठांवर वापरात आहे, हे अवश्य पाहावे. नवा साचा करण्यापूर्वी उपलब्ध साच्याने काम भागते काय, हेही तपासावे. अन्यथा एकाच कामाचे अनेक साचे साचून कोणता ग्राह्य, हाच प्रश्न उभा राहतो.

दप्तर नीटनेटके असेल तर कर्मचारी बदलला तरी कामकाज अडत नाही. साच्यांच्या दप्तरालाही हेच लागू आहे.