करंगळीएवढी एस्तेर

नळीची मूठ निखळली होती. शेजारच्या मावशींनी ती रुमालात बांधून आणली. "तुझ्या वडिलांचं चांदीचं दुकान होतं ना, मग बघ काही जमतंय का." मावशी बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी यहुदी, मूळच्या अलिबागकडच्या. लेक इस्राएलात असते, तिनंच ही पाठवलेली.

करंगळीपेक्षा जेमतेम मोठी चांदीची नळी, बाजूला उभी फट. फटीतलं टोक चिमटीत धरून ओढलं की आतून बारीक अक्षरं, मग राजवाडा, मग घोड्यावरचा मर्दखय. परत आत घ्यायला खालची मूठ फिरवायची. ही मगिल्ला, एस्तेर राणी आणि तिचा चुलतभाऊ मर्दखय यांच्या कथेची गुंडाळी. पुरीम या सणाला वाचतात. बेने इस्राएलांत पुरीमला 'होळीचा सण' म्हणत. दिवसही जवळचे आणि गोंगाटही तसाच. वाचताना दुष्ट हामानचं नाव आलं की पोरं खुळखुळे फिरवून, पाय आपटून ते ऐकूच येऊ देत नाहीत.

सिनेगॉगमधल्या सेफेर तोराचा, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीचा, थाट वेगळा. तिथं चामड्यावर हातानं लिहिलेल्या अक्षरांखेरीज एक वेलबुट्टीही चालत नाही. मग सगळी हौस बाहेरून! दांड्यांवर घुंगरांची चांदीची 'डाळिंबं', वर मुकुट, छातीवर पदक लावावं तसा पत्रा. वाचताना मजकुराला बोट लावायचं नाही, म्हणून टोकाला इवला पंजा असलेली चांदीची कांडी. आपण देवाला दागिने घालतो, यहुदी पोथीला घालतात.

एस्तेरच्या कथेत मात्र देवाचं नाव एकदाही येत नाही. म्हणूनच चितारणाऱ्यांना इथं मोकळीक मिळाली, असं सांगतात. मांतुआत जन्मलेल्या शालोम इतालिया या कारागिरानं १६४० च्या दशकात अॅमस्टरडॅममध्ये तांब्याच्या पत्र्यावर कमानी आणि पात्रं कोरून गुंडाळ्यांच्या किनारी छापल्या. मधला मजकूर लेखनिक हातानं लिहीत. मावशींची गुंडाळी सगळीच छापील, कागदाची. विधीच्या वाचनाला ती चालत नाही. घरात ठेवायला काय हरकत आहे?

माझा जीव अडकला तो नळीच्या तारकामात. १९०६ साली बोरिस शात्झ यांनी जेरुसलेमात बेझालेल कलाशाळा काढली. येमेनहून आलेले यहुदी सोनार तिथं असलं तारकाम करत. जाड तारेची चौकट, आत दोन बारीक तारा एकत्र पिळून, चपट्या करून, वेटोळी भरलेली. आपल्याकडे कटकचं काम असतं, त्याच जातीचं. इथं झाळ देणं म्हणजे परीक्षा. आच जरा वाढली तर झाळ वितळायच्या आधी तारच बसते. गुंडाळी काढून ठेवली, टाकणखार लावला, वडिलांची फुंकणी शोधली, आणि पहिल्या खेपेला नुसताच घाम आला. दुसऱ्या खेपेला मूठ धरली.

गुंडाळी पुन्हा आत बसवून हळूच फिरवत होते, तोच मावशी म्हणाल्या, "थांब, थांब." हामानच्या दहा मुलांचा रकाना आला होता, विटा रचल्यासारखी नावं. ती एका दमात म्हणायची असतात. मावशींनी श्वास भरून घेतला. सातव्या नावावर खोकला आला.

"पाणी दे गं," म्हणाल्या, "आणि फिरवू नकोस अजून."