‘इंडेंट’ म्हणजे नेमकं काय? कोडिंगमधल्या एररपासून गिरमिटियांच्या करारापर्यंत

पायथॉन शिकायला घेतलं की सुरुवातीलाच एक मेसेज भेटतो : ‘इंडेंटेशन एरर’. ओळीआधीची मोकळी जागा चुकली की प्रोग्राम अडतो. पण या शब्दाचा मूळ अर्थ मोकळी जागा नाही, तर खाच.

लॅटिनमध्ये ‘डेन्स’ म्हणजे दात. आपला ‘दंत’ त्याच कुळातला. त्यामुळे इंडेंट करणं म्हणजे कडेला दाते पाडणं. परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकते, तेव्हा मजकुराच्या कडेला खाचच पडते. सरकारी कार्यालयात स्टोअरकडे वस्तू मागवायला ‘इंडेंट’ टाकतात, तो शब्दही हाच.

जवळचे शब्द बरेच आहेत. ‘नॉच’ म्हणजे खाच. मोबाइलच्या स्क्रीनवर कॅमेऱ्यासाठी असते ती. ‘निक’ म्हणजे बारीकसा काप, दाढी करताना लागतो तसा. ‘सेरेशन’ म्हणजे ब्रेडच्या सुरीला असतात तसे ओळीने दाते. गाडीच्या दाराला पडलेला पोचा, म्हणजे ‘डेंट’, मात्र वेगळ्या घरचा. तो ‘फटका’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आला.

खरी गोष्ट ‘इंडेंचर’ची आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहायचे आणि मधून दातेरी रेघेत कापायचे. वाद झालाच तर दोन्ही तुकडे जुळवायचे. दाते बसले, तर करार खरा. आजच्या ओटीपीपेक्षा फार वेगळं नाही!

पुढे दातेरी कापणं मागे पडलं, नाव राहिलं. त्याच नावाच्या करारावर १८३४ पासून भारतीय मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. मजुरांच्या तोंडी ‘अ‍ॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ झालं आणि ते स्वतः ‘गिरमिटिया’. दोन्ही बाजूंच्या संरक्षणासाठी निघालेला कागद इथे एकाच बाजूच्या कामाचा उरला. मुदत संपण्याआधी काम सोडणं हा गुन्हा ठरायचा, त्यासाठी तुरुंगवासही व्हायचा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये ही पद्धत पूर्ण बंद करण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला. तो फेटाळला गेला. १९१५ मध्ये गोखले गेले. मजुरांची भरती थांबली १९१७ मध्ये.