व्हिडिओ पूर्ण होईना? आधी संगणकाची जागा मोजा

गेल्या आषाढातली गोष्ट. हेदवीला दशभुज गणपतीच्या देवळाकडून परतताना पावसाने गाठले म्हणून ओळखीच्या एका बागायतदाराच्या घरी शिरलो. घरची कलमांची रोपवाटिका आहे. पडवीत थोरली सून लॅपटॉपपुढे कपाळाला हात लावून बसली होती.

कोय कलम कसे बांधावे, याचा बावीस मिनिटांचा व्हिडिओ तिने मोबाइलवर टिपला होता. गावातल्या बचत गटाच्या बायकांना तो दाखवायचा होता, रोपे नेणाऱ्या गिऱ्हाइकांना पाठवायचा होता. कोयीचा कोंब तांबूस, कोवळा असतो तोवरच कलम बांधावे लागते. ते दिवस थोडे. आणि इकडे चार रात्री यंत्र लावून ठेवले, तरी बासष्ट टक्क्यांवर येऊन प्रोग्रॅम आपोआप बंद पडत होता.

दुकानदाराने सांगितले, "हा लॅपटॉप आता टाका, नवा घ्या." सासऱ्यांनी वाशीच्या दलालाकडून पुढच्या हंगामाची उचल घ्यायचे जवळजवळ नक्की केले होते. सासूबाई मला म्हणाल्या, "साहेब, मोहर यायच्या आधीच आंबा विकला म्हणायचा की हो!"

मी म्हटले, "वहिनी, आठ दिवस थांबा. पान पिवळे दिसले की आपण लगेच युरिया टाकतो का? आधी मुळाशी पाणी साचले आहे का, ते बघतो. इथेही तसेच करू."

खळे लहान, भारे मोठे

संगणकात दोन जागा असतात. एक डिस्क, म्हणजे घरातली कणगी. माल तिथे साठून राहतो. दुसरी रॅम, म्हणजे खळे. काम चालू असेल तेवढा वेळ माल तिथे पसरायचा. कणगी कितीही मोठी असली तरी खळे लहान असेल, तर झोडणी अडते. व्हिडिओचे कापलेले तुकडे जोडून त्याची एक सलग फीत काढणे, याला रेंडर करणे म्हणतात. हे सारे काम खळ्यावरचे.

मोबाइलमधील व्हिडिओ दाबून, घडी घालून ठेवलेला असतो. काम करताना त्याची घडी उलगडावी लागते. हाय डेफिनिशन चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचे, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. दर ठिपक्याला चार बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ८ एमबी जागा लागते. सेकंदाला अशी ३० चित्रे. सगळी उलगडून ठेवली तर सोळा सेकंदांतच ४ जीबी भरतील! प्रोग्रॅम एका वेळी थोडीच चित्रे उघडतो म्हणून निभावते. पण अक्षरे, एकात एक मिसळणारी दृश्ये, आवाजाच्या दोन-तीन पट्ट्या असे थर चढवत गेलो की उघड्या चित्रांची संख्या वाढते. फोर-के चित्रण असेल तर प्रत्येक चित्राला चौपट जागा.

रोगाची ओळख

संपूर्ण लॅपटॉपच विझत असेल, तर वीज, बॅटरी किंवा उष्णता तपासावी. लॅपटॉप गादीवर ठेवून काम करू नये, त्याची हवा कोंडते. लॅपटॉप चालू राहून फक्त प्रोग्रॅम बंद होत असेल किंवा मेमरी कमी असल्याची सूचना येत असेल, तर रॅमचा संशय घ्यावा.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या पानावर मेमरी किती भरली ते दिसते. रेंडर चालू ठेवून पाच-दहा मिनिटे नजर ठेवावी. आम्ही ठेवली. रॅम ४ जीबी. त्यातली निम्म्याहून अधिक काम सुरू होण्यापूर्वीच भरलेली, कारण ब्राउझरची अकरा पाने उघडी! बासष्ट टक्क्यांच्या सुमारास रेघ माथ्याला टेकली आणि प्रोग्रॅम गेला.

दर वेळी त्याच जागी का? तिथे सुनेने कलमांचे वीस फोटो लावले होते. ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो साठवलेला चार-पाच एमबीचा दिसतो, पण उलगडला की ४८ एमबी होतो. वीस फोटो एकदम उघडे राहिले तर जवळजवळ १ जीबी.

उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत

१. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा. रेंडर होईपर्यंत ब्राउझर व इतर सर्व प्रोग्रॅम बंद ठेवावेत.

२. फोटो आधीच १९२० ठिपके रुंदीचे करून घ्यावेत. पडद्यावर फरक दिसत नाही, जागा मात्र चौथाईहून कमी लागते.

३. सी ड्राइव्ह रिकामा करावा. रॅम भरली की विंडोज डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरते. याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. ती विंडोजनेच सांभाळावी अशी खूण कायम ठेवावी. पण डिस्कवर जागाच नसेल तर ती वाढणार कुठे? या घरी तीनच जीबी मोकळे होते. जुने चित्रण पेन ड्राइव्हवर हलवले.

४. फोर-के चित्रण असेल तर हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममधून आधी १०८० चे करून घ्यावे. शॉटकटमध्ये प्रॉक्सी, म्हणजे हलकी नक्कल वापरण्याची सोय आहे. तिने कापाकापी सोपी होते, पण शेवटची फीत मूळ चित्रणावरूनच निघते, हे ध्यानात ठेवावे.

५. शॉटकटच्या एक्सपोर्टमध्ये पॅरलल प्रोसेसिंग आणि हार्डवेअर एन्कोडर यांच्या खुणा काढून पाहाव्यात. वेळ जास्त लागतो, पण काम तडीस जाण्याची शक्यता वाढते.

६. एवढ्यानेही भागले नाही तर व्हिडिओचे पाच-सात मिनिटांचे भाग पाडून वेगवेगळे रेंडर करावेत. सर्वांची मापे सारखी ठेवून शेवटी जोडावेत. वीज गेली तरी एकच भाग वाया जातो. कोकणातल्या पावसाळ्यात हे फार उपयोगी.

७. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर ६४ बिटचा घ्यावा. ३२ बिटचा प्रोग्रॅम ४ जीबीपलीकडची रॅम वापरूच शकत नाही.

८. यानंतरच रॅम वाढवण्याचा विचार करावा. काही लॅपटॉपमध्ये ती पक्की जोडलेली असते, वाढवता येत नाही. रिकामा खाचा आहे का आणि पट्टी कोणत्या जातीची लागते, हे आधी विचारून घ्यावे.

पुढे काय झाले

आम्ही पहिले तीन उपाय केले आणि व्हिडिओचे चार भाग पाडले. रात्री जेवणे झाल्यावर लावले. पहाटे चारही भाग तयार होते. तिसऱ्याच दिवशी गटाच्या बायका पडवीत बसून तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहत होत्या, आणि मांडीवर कोवळी रोपे घेऊन कलमे बांधत होत्या.

मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर 'आमची माती आमची माणसं' पाहायला आम्ही मुले शेजारच्या पडवीत दाटीने बसत असू. शेतीचे चित्रण म्हणजे स्टुडिओचे काम, असे तेव्हा वाटे. आज ते घरची सून करते. तिला एका सूचनेच्या भीतीने कर्जात लोटणे बरे नव्हे.

दलालाची उचल घेतली नाही. कलमे विकली गेल्यावर सुनेने स्वतःच्या पैशांतून रॅमची एक पट्टी बसवून घेतली. आंबा अजून झाडावर आहे, आणि घरचाच आहे.