रानपिंगळा : एक वेगळे घुबड

(द्वितीय वर्ष, कला)

घुबड म्हटले की आपल्याकडे आधी अपशकून आठवतो आणि मग एखाद्याचे फुगलेले तोंड. मी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. आमच्याकडे संध्याकाळी घराच्या आढ्यावर पिंगळा बोलला तर म्हातारी माणसे अजून हातातले काम थांबवतात. पहाटे कंदील घेऊन दारोदार फिरणाऱ्या पिंगळा जोशाला तर या पक्ष्याची भाषा कळते, अशी जुनी समजूत आहे. पण ज्याच्या बोलण्याला आपण इतके भितो, त्याच्याकडे नीट पाहतो किती जण? पिंगळा एकाच प्रकारचा नाही. त्यातला एक सातपुड्याच्या रानात राहतो. जगाने तो ११३ वर्षे हरवलेला मानला होता. त्याचे नाव रानपिंगळा.

प्रथम त्याचे रूप पाहू, कारण सारी गोष्ट या रूपातच आहे. रानपिंगळा सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर लांबीचा. गावातल्या वडा-चिंचेच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा याहून किंचित लहान असतो आणि त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. दुसरा जंगली पिंगळा. त्याच्या डोक्यावर व पाठीवर बारीक आडव्या रेघा दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके मात्र राखट तपकिरी नि जवळजवळ कोरे, ठिपके असलेच तर अगदी पुसट. छातीवर गडद तपकिरी रंग सलग पसरलेला, पोटाचा खालचा भाग पांढरा, पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. डोके आणि चोच अंगाच्या मानाने मोठी, डोळे पिवळे. पायांवर तर पांढऱ्या पिसांचा इतका जाड थर असतो की त्याने लोकरीचे मोजे घातले आहेत असे वाटावे.

आता इतिहास. १८७२ साली ब्लेविट नावाच्या इंग्रजाने आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात हा पक्षी मिळवला. १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. होय, इतिहासाच्या पुस्तकात राष्ट्रीय सभेच्या स्थापनेच्या प्रकरणात भेटतात तेच हे ह्यूम! त्यांनी या पक्ष्यासाठी नवी प्रजातीच कल्पिली आणि तिला नाव दिले ‘हेटेरोग्लॉक्स’. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो वेगळे घुबड. पुढे डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात काही पक्षी मिळवले. त्यांतला शेवटचा १८८४ सालचा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे जेमतेम सात नमुने जमले, आणि मग तो दिसेनासा झाला.

तो सापडत का नव्हता, याचे एक कारण चक्क चोरी हे होते. कर्नल माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश संग्राहकाने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचे सांगितले होते. वास्तविक तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. संग्रहालयातून पळवून, पुन्हा पेंढा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा हा बनाव उघडकीस आला. मग खोटी जागा वगळून, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या आपल्या सहकाऱ्यांसह भारतात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात एका झाडावर त्यांना तो दिसला. कोरे डोके आणि पांढरे जाड पाय यांनी त्याची ओळख पटवली!

तो दिसला भर उजेडात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रानपिंगळा बराचसा दिवसा वावरतो. सागाच्या विरळ रानात उघड्या फांदीवर बसून तो सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे टिपतो. झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. मादी अंडी उबवत असता नर तिला अन्न आणून देतो. पुढे तो तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा येथे आणि मध्य प्रदेश व गुजरातच्या काही जंगलांतही आढळला. तरी जगात अन्यत्र कोठेही तो नाही. २०१८ साली त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत आणले, म्हणजे संकट टळले असे नव्हे.

त्याला ढोली हवी, आणि ढोली असते जुन्या झाडाला. जुनी झाडे जातात ती शेतीसाठी, सरपणासाठी, लाकडाच्या व्यापारासाठी. येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. आमच्या घरची चूलही रानातल्या काटक्यांवरच पेटत आली, आणि त्याच चुलीवरची भाकरी खाऊन घरातला पहिला मुलगा महाविद्यालयाची पायरी चढला. तेव्हा शहरात बसून ‘आदिवासी जंगल तोडतात’ असे म्हणणाऱ्यांचे मला पटत नाही. परंतु वाळकी काटकी उचलणे आणि ढोलीचे झाड आडवे करणे यांत फरक आहे, हेही आम्हीच आमच्या लोकांना सांगायला हवे. जादूटोण्यासाठी घुबडे मारली जातात, तेथेही हीच गोष्ट. मारणाऱ्याच्या लेखी ते फक्त ‘घुबड’ असते. रानपिंगळा जगात केवळ येथेच उरला आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मित्रहो, ११३ वर्षे हा पक्षी आमच्या गुराख्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर बसलेला होता. जगाच्या दृष्टीने तो हरवला होता, आमच्या दृष्टीने तो ‘एक पिंगळा’ होता. पुस्तकवाल्यांजवळ नाव होते पण पक्षी नव्हता, आमच्याजवळ पक्षी होता पण नाव नव्हते. आज खेड्यापाड्यांतून आलेल्या आपल्या पिढीजवळ दोन्ही आहेत. सुटीत गावी जाल तेव्हा पिंगळ्याचे डोके एकदा नीट पाहा. ठिपके असले तर तो आपला शेजारी. डोके कोरे आणि पाय पांढरे असले, तर घरच्यांना हाका मारून दाखवा, आणि तो बसला आहे ते झाड कोणाचे आहे तेही विचारून ठेवा.