जिओफोनच्या पोटातला ब्राउझर

जिओफोनमध्ये ब्राउझर हे केवळ एक ॲप नाही; जवळजवळ अख्खा फोनच ब्राउझर आहे. २१ जुलै २०१७ रोजी मुंबईत, रिलायन्सच्या वार्षिक सभेत हा बटणांचा फोन जाहीर झाला: १,५०० रुपये अनामत, ५१२ एमबी रॅम. त्यातली कायओएस ही प्रणाली मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसवर उभी आहे. तळाशी लिनक्सचा गाभा, त्यावर फायरफॉक्सचेच गेको इंजिन. आणि डायलर, संपर्कयादी, कॅलेंडर ही सगळी एचटीएमएल व जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली वेबपाने. इंजिन म्हातारे झाले की सगळा फोनच म्हातारा होतो, तो यामुळे.

हे इंजिन गेको ४८, म्हणजे ऑगस्ट २०१६ चे. मार्च २०१७ मधल्या फायरफॉक्स ५२ ला पानाच्या मांडणीसाठीचे सीएसएस ग्रिड आणि जावास्क्रिप्टमधले असिंक-अवेट कळू लागले होते. जिओफोन दुकानात येण्याआधीच त्याचे इंजिन मागे पडले होते. सीएसएसमधली अनोळखी ओळ ब्राउझर गाळून पुढे जातो. पान विस्कटते, पण वाचता येते. जावास्क्रिप्टचे व्याकरण एवढे दिलदार नाही. प्रश्नचिन्हाला टिंब जोडून होणारी ‘ऑप्शनल चेनिंग’ची खूण फायरफॉक्सला २०२० मध्ये कळू लागली. जुन्या इंजिनाला ती एकदा जरी दिसली, तरी ते अख्खी स्क्रिप्ट नाकारते. पान कोरे राहते आणि वापरणाऱ्याला वाटते, नेट गेले.

नवे इंजिन बसवणे सोपे नाही. फोनच्या हार्डवेअरशी बोलणारा कोड गेकोच्या मुख्य शाखेतून काढायचे मोझिलाने २०१६ मध्ये ठरवले. तेव्हापासून तो कायओएस कंपनीनेच सांभाळायचा. गेकोची नवी आवृत्ती काही आठवड्यांनी येते, आतली रचना बदलते. जितक्या आवृत्त्या चुकवाव्यात, तितकी ठिगळे उसवून पुन्हा शिवावी लागतात. दुसरी वाट जुन्याच इंजिनात नव्या दुरुस्त्या आणून बसवण्याची. कॅमेरॉन कायझर यांनी जुन्या पॉवरपीसी मॅक संगणकांसाठीचा टेनफोरफॉक्स हा ब्राउझर फायरफॉक्स ४५ च्या पायावर असाच २०२१ पर्यंत चालवला. चिकाटी अफाट, पण व्याकरणाची भिंत तिथेही आडवी आलीच.

मार्च २०२० मध्ये कायओएस आणि मोझिला यांनी पुन्हा हात मिळवले. २०२१ च्या कायओएस ३.० ला गेको ८४ मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेला जिओफोन प्राइमा मात्र जुन्या कायओएस २.५ च्या घराण्यातला, म्हणजे पुन्हा गेको ४८ च्याच पिढीचा.