सोमवारची पोटदुखी

आमच्या शेजारच्या वहिनी एक दिवस सकाळी सकाळीच दारात उभ्या. हातात सोनोग्राफीचं पाकीट. "ताई, तुम्ही तरी बघा हो. सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मग हिचं पोट दुखतं तरी कशानं?"

त्यांची मुलगी दहावीत. हुशार, बोलकी, गॅदरिंगच्या नाचात दरवर्षी पुढे. पण दिवाळीची सुट्टी संपली आणि तिचं पोट दुखायला लागलं. बहुतेक वेळा सोमवारी. शाळेची वेळ जवळ आली की कळ यायची, मळमळायचं. शाळा भरून गेली की तासाभरात थोडं बरं वाटायचं. ओवा खाऊन झाला, बेंबीत हिंग घालून झाला, सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्टही काढली. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, मग तालुक्याला जाऊन सोनोग्राफी. त्यातही काही निघालं नाही तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं, की ही नाटकं आहेत. अभ्यास नको म्हणून.

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. मीही तिला म्हणाले, "अगं, एवढं काय टेन्शन घेतेस? आमच्या वेळी तर क्लासही नव्हते..." तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि आत निघून गेली. तिचं ते पाहणं मला अजून आठवतं.

त्याच महिन्यात ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलींसाठी कार्यक्रम होता. आमच्या बचत गटातल्या बायकांबरोबर मीही गेले होते. तिथल्या समुपदेशक बाईंना सहज ही हकिकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सुट्टीच्या दिवशी दुखतं का?"

घरी येऊन मी वहिनींना तेच विचारलं. त्या आठवून आठवून म्हणाल्या, "नाही हो. शनिवारी चांगली असते. रविवारी संध्याकाळ झाली की गप्प होते. जेवत नाही."

मैत्रिणींनो, दुखणं पोटात होतं, पण त्याचं मूळ भीतीत होतं. आणि ते दुखणं खोटं नव्हतं. भीती वाटली की आपल्या शरीराला वाटतं संकट आलं. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, पोटात गोळा उठतो. समोर वाघ असो नाहीतर गणिताचा पेपर, शरीर तसंच वागतं. आपलं लग्न ठरवायला पाहुणे आले होते तेव्हा पोटात कसं झालं होतं, आठवा. आपलं ते एका दिवसाचं होतं. या मुलीचं रोज चालू होतं.

पुढे हळूहळू तिनेच सांगितलं. सहामाहीत गणितात मार्क्स कमी पडले होते. वडिलांनी तर सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलेलं, आमची मुलगी डॉक्टर होणार. दर सोमवारी वर्गात चाचणी असायची. पेपर हातात आला की पाठ केलेलं सगळं पुसलं जायचं, श्वास कोंडायचा. रात्र रात्र झोप नाही. आणि हे घरात सांगायची सोय नाही, कारण सांगितलं की उत्तर ठरलेलं, "तुला काय कमी आहे?"

चिंतेचा हा एक चेहरा. उदासीनतेचा, म्हणजे ज्याला आपण डिप्रेशन म्हणतो, त्याचा चेहरा तर आणखी फसवा. आपल्याला वाटतं उदास मुलगा म्हणजे कोपऱ्यात रडत बसणारा. या वयात नेहमी तसंच दिसेल असं नाही. या वयातली उदासी पुष्कळदा रागाच्या रूपात बाहेर पडते. माझ्या माहेरी एक मुलगा अकरावीला शहरात हॉस्टेलवर गेला आणि तीन महिन्यांत परत आला. आल्यापासून कुणी जेवायला हाक मारली तरी अंगावर यायचा. बॅट माळ्यावर, मित्र आले तर "नाही म्हणून सांग". घरच्यांना वाटलं, शहराचं वारं लागलं, माजला. बापाने दोनदा हात उचलला. पोराला आतून काय होतंय हे कुणी विचारलंच नाही. शाळेतले जुने सर एकदा घरी आले, तासभर नुसते त्याच्याजवळ बसले, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

हे आपल्याच गावात घडतं असं नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार-पाच जण. त्यातल्या किती जणांना आपण आळशी, आगाऊ, नाटकी म्हणून मोकळे झालो असू?

आता तुम्ही म्हणाल, या वयात सगळीच मुलं चिडतात, दार लावून बसतात. मग ओळखायचं कसं? त्या समुपदेशक बाईंनी सांगितलेली खूण मी पदराला गाठ मारून ठेवली आहे. एखाद्या दिवसाची चिडचिड सोडून द्या. पण दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मूल बदललेलं दिसलं, तर लक्ष द्या.

- झोप उडाली किंवा दिवसभर झोपूनच राहतं
- भूक गेली किंवा उगाच खात सुटतं
- आवडीची गोष्ट सोडली, मैत्रिणी-मित्र तोडले
- डोकं, पोट, छाती दुखते, पण तपासणीत काही निघत नाही
- शाळा टाळतं, मार्क्स अचानक घसरतात
- "मी काही कामाची नाही", "मी नसलेलंच बरं" असं बोलतं

सोनोग्राफी केली यात वहिनींचं काही चुकलं नाही. आधी शरीर तपासायलाच हवं. मुलींच्या अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉईडचा त्रास असला तरी थकवा येतो, मन लागत नाही. पण रिपोर्ट चांगले आले म्हणजे मूल खोटं बोलतंय, असं समजू नका.

मग आईने करायचं काय? आधी ऐकायचं. आपल्याला हेच सर्वांत कठीण जातं, कारण मूल अर्धं वाक्य बोलतं न बोलतं तोच आपला उपदेश सुरू होतो. समोर बसवून "बोल, काय झालंय?" असं विचारलं तर मुलं बोलत नाहीत. चौकशी वाटते ती. शेंगा सोलताना, केसांना तेल लावताना, गाडीवर मागे बसवून बाजारात नेताना बोलतात. "हल्ली तू गप्प गप्प असतेस, मला दिसतंय. तुला त्रास होतोय ना?" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. ती लगेच बोलणार नाही. दोन दिवसांनी बोलेल. शेजारणीच्या मुलीचे मार्क्स, आपलं कष्टाचं लहानपण, बाबांच्या ऑफिसातल्या लोकांना काय वाटेल, यातलं काही त्या वेळी काढायचं नाही.

आणि एक प्रश्न, जो आपल्या जिभेवर येत नाही. मूल मरणाचं बोलत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, निरोपासारखं काही लिहीत असेल, तर सरळ विचारा. "जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते भरतं ही आपली चुकीची समजूत आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून ओझं हलकं होतं. "हो" म्हणालं तर रागावू नका, रडारड करू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शेती असलेल्या घरात तर फवारणीची औषधं कुलपातच हवीत, किल्ली मोठ्यांकडे. घरातल्या गोळ्याही तशाच. मनातली ती लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळी हाताशी काही नसलं तर जीव वाचतो.

जायचं कुठे? २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यातून सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रं आहेत, आपल्याकडे त्यांना मैत्री क्लिनिक म्हणतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे दाखवता येतं. आणि प्रवास जमत नसेल तर १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फुकट आहे, रात्री-बेरात्री चालते, मराठीत बोलता येतं. फोन आई करू शकते, मुलगीही करू शकते.

सगळ्यांनाच गोळ्या लागतात असं नाही. पुष्कळांना बोलूनच बरं वाटतं. गोळ्या दिल्याच तर गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका.

वहिनींचीही अडचण होतीच. "ताई, वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं म्हणून उद्या हिच्या लग्नात कुणी काढलं तर?" मी म्हटलं, "वहिनी, मुलगी हसती-खेळती राहिली तर लग्नाचं बघू ना." सासूबाई तिथेच गहू निवडत होत्या. मला वाटलं, आता त्या मोडता घालणार. पण त्या म्हणाल्या, "घेऊन जा गं तिला. माझी धाकटी बहीण अशीच गप्प गप्प राहायची. आम्ही कुणी विचारलं नाही." एवढं बोलून त्या पुन्हा सुपाकडे वळल्या. त्या बहिणीचं पुढे काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मुलगी पाच-सहा वेळा समुपदेशनाला गेली. एकदा वडिलांनाही बोलावलं होतं. ते कुरकुरत गेले, पण आल्यापासून डॉक्टरकीचा विषय त्यांनी काढला नाही. मुलीने दहावीची परीक्षा दिली, बऱ्यापैकी मार्क्सही मिळाले. भीती संपूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. परवा कॉलेजात तोंडी परीक्षा होती, तर सकाळी पुन्हा पोटात गोळा. पण या वेळी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, पोट नाही दुखत गं. भीती वाटतेय."

वहिनींनी गॅस बारीक केला आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या.