गरोदरपणाची सोबत



या व्यासपीठावरून आपण राजकारण, इतिहास, वाङ्मय अशा थोर विषयांवरील व्याख्याने ऐकत आला आहात. त्या मानाने आजचा माझा विषय घरगुती वाटेल. पुरुषांपैकी काहींना तर ‘हा आमचा प्रांत नव्हे’ असेही वाटेल. त्यांना मी इतकेच सांगते, की या मंडपात बसलेला प्रत्येक जण कोणा ना कोणा बाईच्या नऊ महिन्यांचा ऋणी आहे. तेव्हा तासभर ऐकून घेण्यास हरकत नसावी.

माझी बरीच वर्षे एका तालुक्याच्या गावी बायकांचा दवाखाना चालविण्यात गेली. दवाखान्याच्या ओसरीवर एक लाकडी बाक होते. त्यावर सकाळपासून सहासात पोटुशा बायका बसलेल्या असत. सगळ्या एकाच वाटेच्या वाटसरू. पण प्रत्येकीची नजर आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे. आत आल्यावर मी विचारी, “काही त्रास?” उत्तर ठरलेले, “नाही बाई, बरं आहे सगळं.”

एके दिवशी एक अडलेली बाळंतीण आली आणि ओसरीवरच्या बायका दोन तास खोळंबल्या. मी हात धुऊन बाहेर येते तो काय, बाकावर बाजार भरलेला! एक सांगत होती, “त्या लोहाच्या गोळ्यांनी परसाकडला काळं होतं, म्हणून मी त्या कोनाड्यात टाकल्या.” दुसरी म्हणाली, “अगं, मलाही होतं. त्यानं काही बिघडत नाही. चहाबरोबर तेवढ्या घेऊ नकोस.” तिसरी आठव्या महिन्यातली होती. ती हळूच म्हणाली, “माझं तीन दिवस डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. सासूबाई म्हणतात, ऊन बाधलं.” हे ऐकताच कोपऱ्यातली चौथ्या खेपेची बाई ताडकन उठली आणि तिचा हात धरून तिला माझ्यासमोर आणून उभी करीत म्हणाली, “बाई, आधी हिला बघा. माझ्या जावेचं असंच झालं होतं.” रक्तदाब पाहिला, तो १७०/११० होता. तिला त्याच दुपारी जिल्ह्याच्या इस्पितळात पोचविले. आणखी एखादा दिवस गेला असता, तर तिला झटके आले असते आणि मग दोन्ही जीव हाती लागले असते की नाही, कोण सांगणार? दोघेही वाचली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या बाईने शेजारणीला मन मोकळे केले, तिलाच चार दिवसांपूर्वी मी “काही त्रास?” म्हणून विचारले होते, आणि तिने “बरं आहे” असे सांगितले होते. माझी पदवी, माझे यंत्र, माझा प्रश्न, यांच्याने जे झाले नाही ते लाकडी बाकाने केले. असे का व्हावे? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

याचे पहिले कारण असे, की आपल्याला होते आहे तो त्रास म्हणावा की नाही, हेच पहिलटकरणीला ठाऊक नसते. पाय सुजतात, पाठ भरते, जळजळते. यांतले साधे कोणते आणि धोक्याचे कोणते? ते तिला तुलनेनेच कळते, आणि तुलनेला बरोबरीची बाई लागते. दुसरे कारण संकोचाचे. डॉक्टरणीसमोर आपण अडाणी ठरू, ही धास्ती बाईच्या मनात असते. बाकावर ती नसते. तिसरे कारण घराचे. घरात तिच्यावर प्रेम करणारी माणसे असतात, पण निर्णय त्यांच्या हाती असतो. ‘डोके दुखते’ असे म्हटले, की ‘कामाचा कंटाळा’ असा अर्थ निघण्याचे भय असते.

कोणी म्हणेल, ‘आपल्याकडे हे सारे पूर्वीपासून होतेच की! डोहाळजेवणे आहेत, पहिल्या बाळंतपणाला माहेर आहे, वाड्यात आणि चाळीत शेजारणी होत्या.’ होते, हे मी आदराने मान्य करते. हिरवा चुडा, फुलांची वाडी आणि आवडीचे जेवण यांनी एका भेदरलेल्या पोरीला धीर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण डोहाळजेवणात बोलायचे ते शुभच. मागच्या खेपेला मूल दगावले, हे तिथे काढायचे नाही. जिचा गर्भ पडला तिने पुढे यायचे नाही; आणि विधवेला तर ओटी भरण्याचा मान आपण कितीतरी काळ दिलाच नाही. म्हणजे ज्यांच्यापाशी सांगण्यासारखा अनुभव सर्वांत अधिक, नेमक्या त्यांनाच आपण दाराबाहेर ठेवले. शिवाय तिथे वडीलधाऱ्यांनी सांगावे आणि लहानांनी ऐकावे, अशी रीत. बाकावरच्या बोलण्याची जात निराळी आहे. तिथे सगळ्या बरोबरीच्या आणि दुःखालाही बसायला जागा.

आता ही केवळ माझ्या ओसरीवरची गोष्ट असती, तर तिच्यासाठी आपला वेळ मी घेतला नसता. पण जगात याची चांगली कसून परीक्षा झाली आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात, इन्किसिवी या डोंगराळ भागात, बायकांचे गट बसवून आपल्या बाळंतपणातल्या अडचणी त्यांच्याकडूनच काढून घेण्याचा प्रयोग झाला. त्याचे नाव ‘वर्मी’, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘बाई’. तोच धागा पुढे नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात उचलला गेला. तेथे काही गावांत बायकांचे गट बसविले आणि तुलनेसाठी काही गावांत बसविले नाहीत. गटाला दरमहा एकत्र आणणारी बाई नर्स नव्हे, तर त्याच पंचक्रोशीतली होती. तिने औषध द्यायचे नाही आणि उपदेशही करायचा नाही. चित्रे पुढे मांडायची, बायकांना आपापले अनुभव सांगू द्यायचे, त्यांतून अडचणी निवडायच्या आणि ‘आता आपण काय करायचे?’ असे विचारायचे. बायकांनी काय केले, पाहा! कुठे आणीबाणीसाठी पैशाची पेटी काढली, कुठे डोंगरातून बाळंतिणीला उचलून नेण्यासाठी डोली केली, कुठे स्वच्छ बाळंतपणाच्या सामानाची पुडकी तयार केली. २००४ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण गट नसलेल्या गावांत हजारी सुमारे ३७ होते. गट असलेल्या गावांत ते २६ वर आले.

पुढे आपल्याच देशात, झारखंड व ओडिशातील आदिवासी भागात, ‘एकजुट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात हेच काम केले. तेथे बायका गोष्ट रचीत. अमक्या गावच्या सुनेचे बाळ दगावले, का? अंग थंड पडले म्हणून. पण का? लगेच आंघोळ घातली म्हणून. पण का? ‘पण का, पण का’ असे विचारीत त्या मुळापर्यंत जात. तिथेही तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. आणखी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की तिसऱ्या वर्षी बाळंतिणींमधील मध्यम प्रतीचे नैराश्यही निम्म्याहून खाली आले. २०१३ साली नेपाळ, भारत, बांगलादेश व मलावी या देशांतील अशा सात प्रयोगांची एकत्र छाननी झाली आणि २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने ग्रामीण भागासाठी या पद्धतीची शिफारस केली.

पण श्रोतेहो, नाण्याची दुसरी बाजू लपविणे वक्त्याला शोभत नाही. बांगलादेशातील पहिला प्रयोग फसला. का फसला? तेथे चौदाशे लोकवस्तीमागे एक गट होता. पुढे सुमारे तीनशे वस्तीमागे एक गट केला, तेव्हा गुण आला. सात प्रयोगांच्या छाननीतूनही हेच निघाले, की वस्तीतील गरोदर बायकांपैकी निदान एकतृतीयांश जणी येत असतील, तरच मोठा परिणाम दिसतो. पाटी लावली आणि चार हौशी बायका जमल्या, एवढ्याने भागत नाही.

आपल्यासारख्या शहरवासीयांनी आणखी एक अपयश मुद्दाम ध्यानात घ्यावे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत ‘स्नेहा’ या संस्थेने असाच प्रयोग केला. २०१२ साली त्याचा निष्कर्ष आला, तो असा की बाळांच्या मृत्युप्रमाणात फरक दिसला नाही. संस्थेने तो न झाकता प्रसिद्ध केला, हे तिला भूषणावह आहे. तिथे बहुतेक बाळंतपणे आधीच इस्पितळात होत होती. डोंगरात जी उणीव गटाने भरून काढली, ती शहरात त्याच रूपात नव्हती. शहरात इस्पितळ जवळ असते. दूर असतो तो शेजार!

अमेरिकेत शॅरन शिंडलर रायझिंग नावाच्या परिचारिका-सुईणीने १९९० नंतरच्या दशकात निराळी वाट काढली. एकाच सुमारास दिवस भरणाऱ्या आठदहा बायकांना एकदम बोलवायचे. आपले वजन आणि रक्तदाब त्यांनी स्वतः मोजून लिहायचा, कोपऱ्यात एकेकीची तपासणी व्हायची आणि उरलेला वेळ सगळ्यांनी गोल बसून बोलायचे. म्हणजे माझ्या ओसरीवर जे योगायोगाने घडले, तेच तिने योजून केले. २००७ सालच्या एका मोठ्या पाहणीत अशा बायकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाण शेकडा १३.८ वरून ९.८ वर आलेले दिसले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक बायकांच्या दुसऱ्या पाहणीत मात्र तसा फरक सिद्ध झाला नाही. तेव्हा या बैठकीला रामबाण म्हणू नका. ती तपासणीची जागा घेत नाही. तपासणीला वाचा फोडते.

आता व्यवहाराचे बोलू. आपल्या गावात हे करायचे तर काय लागेल? फार काही नाही. अंगणवाडीची खोली, शाळेचा वर्ग किंवा देवळाचा सभामंडप, महिन्यातून एक दुपार आणि वस्तीतील दहाबारा गरोदर बायका. त्यांत दोघीतिघी नुकत्याच बाळंत झालेल्याही असाव्यात, कारण त्यांचा अनुभव ताजा असतो. आशाताई किंवा परिचारिका तिथे असावी. पण तिने बोलण्यापेक्षा ऐकावे अधिक.

काही पथ्ये मात्र कडक पाळावीत. एकीला लागू पडलेले औषध दुसरीने घेऊ नये. अनुभव वाटून घ्यावा, गोळी नव्हे. तिथे ऐकलेले घरोघरी नेऊ नये, नाहीतर पुढच्या महिन्यात बाक पुन्हा मुके होईल. ‘मुलगा की मुलगी’ हा विषय काढू नये. गर्भलिंगपरीक्षेला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी त्या प्रश्नाने कोणाचे भले झालेले नाही. जिचे मूल गेले आहे, तिला मानाने बोलवावे. बोलावे की गप्प बसावे, हे तिने ठरवावे. आणि धोक्याची लक्षणे प्रत्येक बैठकीत तोंडपाठ म्हणावीत: अंगावरून रक्त जाणे, पाणमोट फुटणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे. यांतले एकही दिसले, तर बैठकीची वाट पाहू नये, १०८ क्रमांकाला फोन करावा आणि इस्पितळ गाठावे.

पुरुषांनी काय करावे, असे कोणी विचारील. त्या दुपारी घरचे काम आपल्या अंगावर घ्यावे आणि परत आल्यावर ‘काय चकाट्या पिटून आलात?’ असे म्हणू नये. एवढे केले तरी पुष्कळ झाले. सासूबाईंना माझी वेगळी विनंती आहे. सुनेला पाठवा आणि वर्षातून एकदोनदा आपणही जाऊन बसा. आपणही कधी काळी त्या बाकावर अंगठ्याकडे पाहत बसला होतात, हे आठवेल.

देशात २०२० ते २०२२ या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ८८ माता दगावल्या. पूर्वीच्या मानाने हा आकडा पुष्कळ उतरला आहे, आणि त्याचे श्रेय दवाखाने, रस्ते, औषधे आणि आशाताई यांना आहे. पण उरलेल्या ८८ जणींतल्या काहींनी तरी मरणापूर्वी कोणाला तरी ‘बरं आहे सगळं’ असे सांगितले असेल, हा विचार माझा पिच्छा सोडीत नाही.

तो दवाखाना सोडताना मी खुर्ची, टेबल, कपाट, सगळे मागे ठेवले. नव्या डॉक्टरणीला एकच गोष्ट सांगितली, की या ओसरीवरचे बाक काढून सुट्या खुर्च्या मांडू नकोस. बायका एकमेकींना खेटून बसल्या म्हणजेच बोलतात.